सांबाराचं निवडण

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बाहेरगावचं गिऱ्हाईक हे ऐकून हसतं. ही गोष्ट सांबाराचीच आहे, म्हणून आधी सांगून ठेवलं.

आमचं शेत रिद्धपूरच्या रस्त्याला आहे, अमरावतीपासून ऑटोनं तासाभरावर. काळी जमीन, एक विहीर, आणि विहिरीजवळच्या तुकड्यात हिरव्या जाळीखाली पालेभाजी. माझी मोठी जाऊ आणि मी रोज सकाळी अमरावतीच्या बाजारात बसतो. आम्हा दोघींचं बोलणं तीच बोलते. गिऱ्हाइकाशी भाव तिनं करायचा, जुड्या मी निवडायच्या आणि बांधायच्या. हे काही बसून ठरवलेलं नाही. अनोळखी माणसासमोर माझी जीभ टाळूला चिकटते आणि तिची कधीच चिकटत नाही, एवढंच.

पालेभाजीत खरं काम निवडण्याचं. पोतं उघडलं की जुडी सोडायची, पिवळं पान आणि मऊ पडलेली काडी काढायची, मुळांची माती झटकायची, पुन्हा बांधायची, वर पाणी शिंपडायचं. शिंपडायला आमच्याकडे झाकणाला भोकं पाडलेली बाटली असते. काढून टाकलेला पाला म्हणजे निवडण. उन्हाळ्यात दुपारपर्यंत माझ्या मांडीशी त्याचा ढीग होतो. घरी जाताना तो गाईला टाकायचा. माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली, त्यातली निम्मी मी निवडण्यातच काढली असतील.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी एक बाई आमच्या दुकानासमोर येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. तिशीच्या पुढच्या, खांद्याला पिशवी, हातात झाकणाचा मोठा डबा. घेत काही नव्हत्या, माझ्या हाताकडे बघत होत्या. जाऊबाईंना असं चालत नाही.

"काय पायजे बाई? पाहून पाहून सांबार सुकून जाईन."

त्या हसल्या आणि सरळ जमिनीवर उकिडव्या बसल्या. मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या राहायला अमरावतीत, पण काम अकोल्याला, एका प्रयोगशाळेत. चार वर्षं खपून त्यांनी संत्र्याच्या सालीपासून एक भुकटी तयार केली होती. भुकटी पाण्यात विरघळवायची, सांबाराची जुडी त्यात थोडा वेळ बुडवायची, सावलीत निथळू द्यायची. मग पानं लवकर पिवळी पडत नाहीत. प्रयोगशाळेच्या थंड खोलीत तर पडतच नव्हती. पण अकोल्यातच एक केंद्र आहे. प्रयोगशाळेत शोधलेली वस्तू लोकांच्या वापरात येईल का, आली तर कोण घेईल, कशी बनवायची, हे ते केंद्र बघतं आणि शोधणाऱ्याला त्यासाठी मदत करतं. तिथल्या साहेबांनी ह्या मॅडमना सांगितलं होतं, थंड खोलीतलं मला दाखवू नका, उन्हात, बाजारात, विकणाऱ्याच्या हातात टिकतं का ते दाखवा.

"संत्र्याची साल?" जाऊबाई म्हणाल्या. "थे तं आमी फेकून देतो."

"फेकून देता म्हणूनच तर."

"आनखीन काय हाय त्यात?"

"ते आत्ताच सांगता येत नाही, ताई. आधी कागदोपत्री नोंदवावं लागतं. नाहीतर दुसरंच कोणी आपल्या नावावर करून घेतं."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आपल्या सासूचं लोनचं असंच होतं ना वं. मरेपरेन्त सांगतलं नाई बुढीनं."

मॅडम इतक्या मोकळ्या हसल्या की शेजारच्या लिंबूवालीनं मान वळवली. मग त्या मला म्हणाल्या, "मावशी, तुमच्याच दुकानात करून बघू का? अख्ख्या बाजारात सगळ्यात नीट जुड्या तुमच्या आहेत."

मला फार बरं वाटलं. गडबड तिथेच सुरू झाली होती, पण ते तेव्हा कोणाला कळणार.

काम सोपं होतं. संध्याकाळी सांबार काढला की काही जुड्या भुकटीच्या पाण्यात बुडवून निळ्या दोऱ्यानं बांधायच्या. तितक्याच जुड्या साध्या पाण्यात बुडवून लाल दोऱ्यानं. दोन्ही एकाच खोलीत, एकाच ओल्या पोत्याखाली ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बाजारात आणायच्या आणि त्यातल्या तीन-तीन मॅडमनी अकोल्याला न्यायच्या. तिथे एक यंत्र पानाचा हिरवेपणा मोजतं आणि आकडा दाखवतं. असं महिनाभर रोज करायचं.

मला ह्या कामाचं इतकं कुतूहल वाटलं की स्वयंपाक करतानाही तेच डोक्यात फिरायचं. हिरवेपणा मोजायचा म्हणजे काय? आपल्याला नुसता दिसतो, त्याचा आकडा कसा निघत असेल? आणि भुकटी निळ्याला लावली, तर साध्या पाण्यातल्या लाल जुड्या कशाला बांधून घ्यायच्या? ते एकदा जाऊबाईंनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "लाल नसेल तर निळ्यानं काय केलं ते कळणार कसं?" त्या म्हणाल्या की यंत्रावर बसणाऱ्या मुलीला कोणता दोरा कशाचा हेसुद्धा सांगितलेलं नाही.

"काहून? तिच्यावर इस्वास नाई काय?"

"माणसाचा हात आपोआप झुकतो, ताई. तिला माहीत असलं तर निळ्याला ती एखादा आकडा जास्तच देईल. मुद्दाम नाही, आपसूक."

हे मी ऐकलं. त्यावर विचारही केला. त्या मुलीच्या हाताबद्दल विचार केला, माझ्या हाताबद्दल नाही.

मॅडमनी एक कागद दिला होता. त्यावर चार ओळी होत्या. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, कागद मला नीट वाचता आला. शेवटची ओळ अशी होती, की जुड्या जशा असतील तशाच द्याव्यात. मी मान डोलावली.

पहिले दोन दिवस मॅडमनी स्वतः जुड्या उचलल्या. मग म्हणाल्या, "मावशी, मला गाडी गाठायची असते. तुम्ही सहा जुड्या बाजूला काढून ठेवत जाल का?" मी हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोतं उघडलं. लाल दोऱ्याच्या जुड्या कडेनं पिवळ्या पडल्या होत्या, एका जुडीच्या मधल्या काड्या मऊ झाल्या होत्या. निळ्या बऱ्या होत्या. आणि त्या शिकलेल्या, आपल्या दुकानात जमिनीवर बसणाऱ्या, पाहुणीसारख्या येणाऱ्या बाईच्या हातात मी पिवळा पाला ठेवणार? अकोल्याचे लोक काय म्हणतील, हे कोणाच्या शेतातलं? माझ्या हातानं जुडी सोडली, पानं काढली, बांधली, पाणी शिंपडलं. निवडल्यावर लाल जुडी बारीक दिसायला लागली, म्हणून ताज्या सांबाराच्या दोन काड्या घातल्या. कागदावरची ओळ मला आठवत होती. पण पिवळी पानं तशीच ठेवा असं कोणी शहाणं माणूस लिहील, हे माझ्या मनातच आलं नाही. मला वाटलं, खोटं वजन करू नका, दुसऱ्या शेतातलं आणू नका, असं काहीतरी त्यांना म्हणायचं असेल.

असं मी रोज केलं. जाऊबाईंनी एकदा टोमणाही मारला. "पाहा पाहा, सांबार नवरीवानी सजवून राहिली. हळद बी लाव ना वं."

"थ्या बाई घरी पाहतीन ना."

"घरी कायच्या पाहते, यंत्रात घालते थे."

तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. एक गोष्ट मात्र माझ्या बोटांना कळली होती. निळी जुडी निवडायला घेतली की हात लगेच रिकामा व्हायचा. लाल जुडीत बोटं गुंतून पडायची. म्हणजे भुकटी काम करत होती. मला ते पहिल्याच आठवड्यात माहीत होतं. मॅडमनाही यंत्रातून कळतच असेल, असं मी धरून चालले.

महिना संपला त्या मंगळवारी मॅडम डबा न घेता आल्या. बसल्या, चहा मागवला, आमच्या दोघींना दिला आणि स्वतःचा हातातच धरून ठेवला.

"काय झालं बाई?" जाऊबाईंनी विचारलं.

"पहिले दोन दिवस थोडा दिसला, मग काही फरकच नाही, ताई. निळी आणि लाल सारखीच. महिनाभराचे आकडे एकावर एक ठेवले तर कोणता कोणाचा ते ओळखता येत नाही. थंड खोलीत चालतं, उन्हात चालत नाही, असंच दिसतंय." त्यांनी कपाकडे बघत सांगितलं. "सोमवारी बैठक आहे. पुढच्या कामाला पैसा देणारे लोक बाहेरून येणार आहेत. साहेब म्हणाले, दाखवण्यासारखं काही नसेल तर हे सोडा आणि दुसरा विषय घ्या."

"चार वर्सं केलं ना तुमी?"

"हो."

 मॅडमनी आमचे आभार मानले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या. माझ्या हातात तेव्हाही एक लाल जुडी होती, अर्धी निवडलेली. मी खाली मांडीशी पाहिलं. निवडणाचा ढीग होता.

त्या ढिगाकडे पाहता पाहता मला सगळं कळलं. फरक कुठे गेला ते कळलं. तो महिनाभर आमच्या गाईनं खाल्ला होता.

त्यांच्या मागे धावत जाऊन सांगायला हवं होतं. मी उठले नाही. तिथेच बसून राहिले. कागद वाचूनही मी असं केलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यांनी विश्वासानं काम दिलं, यंत्रावरच्या मुलीपासून दोऱ्याचं गुपितसुद्धा लपवलं, आणि त्यांची चार वर्षं मी दोन बोटांनी खुडून टाकली.

घरी गेल्यावर मी आमच्या घरच्यांना, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं. ते विहिरीवर मोटार दुरुस्त करत होते.

"फोन लाव ना मंग," ते म्हणाले.

"मले फोनवर बोलता नाई येत."

"मी लावतो."

"नको. तुमी काय सांगसान? निवडलं तं मीनं."

त्यांनी पान्यावरून नजर उचलली. "नुसतं सांगून बी काय व्हते? थे म्हनतीन, आता म्हनून राहिली."

हे त्यांचं बरोबर होतं. बोलणं मला जमत नव्हतं, आणि नुसत्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवावा असंही नव्हतं. पण दाखवता आलं असतं. भुकटीची एक पुडी उरली होती. त्याच संध्याकाळी मी वीस जुड्या बांधल्या, दहा निळ्या, दहा लाल. महिनाभर जसं केलं तसंच, तेच पोतं, तीच खोली. दोन दिवस मी पोतं उघडलंही नाही. त्या दोन दिवसांत मला एक नवीनच गोष्ट कळली, की पुढे काय निघेल हे माहीत नसताना थांबून राहणं किती अवघड असतं. मॅडमनी असं चार वर्षं केलं होतं.

शुक्रवारी पहाटे मी दोन ताटं घेऊन बसले. लाल जुड्यांचं निवडण एका ताटात, निळ्यांचं दुसऱ्या. लालचं ताट भरून वर आलं. निळ्याच्या ताटाचा तळ दिसत होता. दोन्ही मी वेगवेगळ्या पिशव्यांत भरलं आणि पिशव्यांची तोंडं त्या त्या रंगाच्या दोऱ्यानं बांधली.

जाऊबाई पाहत होत्या. "तू जाशीन अकोल्याले? तुले तं ऑटोवाल्याले थांब म्हनता येत नाई."

"तुमी चाला ना मंग."

"अन् दुकान? दुकान कोन पाहीन, गाय?" मग पदराच्या गाठीतून त्यांनी मॅडमनी लिहून दिलेला पत्ता काढला. "हे दाखव फाटकावर. बोलू नोको. नुसतं दाखव."

बस बडनेऱ्यावरून मूर्तिजापूरकडे निघाली. माझ्या मांडीवर दोन पिशव्या. शेजारच्या बाईनं विचारलं, "भाजी नेऊन राहिली काय?" मी मान हलवली. ती बांधलेल्या तोंडाच्या फटीतून पिशवीत डोकावली आणि माझ्याकडे अशी पाहायला लागली की मी खिडकीबाहेर बघत बसले. खरंच आहे, कचरा घेऊन एवढ्या लांब कोण जातं?

अकोल्यात फाटकावर मी कागद दाखवला. रखवालदारानं आत नेलं. लांबच लांब व्हरांडा होता, आणि दोन्ही बाजूंना काचेची दारं. मॅडम पांढरा कोट घालून एका टेबलाशी काहीतरी लिहीत होत्या. मला बघून उठल्याच.

"मावशी! तुम्ही इथे? एकट्या आलात?"

बसमध्ये मी सगळं बोलणं मनात रचून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. मी पिशव्या टेबलावर ठेवल्या.

"हे काय आहे?"

"निवडण."

"कशाचं?"

"तुमच्या जुड्याईचं. हे लाल दोऱ्याचं, हे निळ्याचं." मग बाकीचं तोंडातून आपोआप पडलं. "चूक माही हाय मॅडम. तुमाले देयाच्या आधी मी निवडत होती. रोज. पिवये पानं काढून टाकत होती."

मॅडमनी लाल पिशवी सोडली, आत पाहिलं.

"दोन्ही निवडायचात?"

"हो. लाल जास्त."

"आणि पानं काढल्यावर जुडी लहान व्हायची असेल."

"मंग दुसऱ्या काड्या घालत होती. ताज्या."

मॅडम स्टुलावर बसल्या. दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि खांदे हलायला लागले. त्या रडताहेत की हसताहेत ते मला कळेना. मी उभीच. मग हात काढले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या. "चला," म्हणाल्या, "हे असंच्या असं साहेबांना दाखवायचं."

केंद्राचे साहेब पलीकडच्या इमारतीत बसत. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग दोन्ही पिशव्या एकेक करून काट्यावर ठेवल्या.

"म्हणजे महिनाभर आपण सांबार मोजलाच नाही, मॅडम," ते म्हणाले. "आपण ताईचा हात मोजला. हात चांगला हाय बाप्पा, यंत्राले फसवलं त्यानं."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पण ते रागावलेले नव्हते. बोटानं लाल पिशवीतला पाला वरखाली करत होते, जणू त्यात काही हरवलेलं सापडलं होतं.

"ताई, एक सांगा. लाल जुडी निवडायले किती वेळ लागते?"

घड्याळ लावून मी कधी निवडलं नव्हतं. "लाल जुडी निवडतवरी जाऊबाई दोन गिऱ्हाईक करते. निळी निवडतवरी एक बी होत नाई."

"ऐकलं?" साहेब मॅडमना म्हणाले. "तुम्ही पानाचा रंग धरून बसल्या. विकणारीचं नुकसान अथी हाय, ह्या पिशवीत. हे आपण कुठंच लिहिलं नाही." मग पुन्हा माझ्याकडे वळले. "आता खरं सांगा. ही भुकटी बाजारात आली, तर तुम्ही घेसान?"

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या तोंडावर सगळं दिसत होतं. मला हो म्हणायचं होतं. एवढं नुकसान केल्यावर निदान एक गोड शब्द तरी त्यांना द्यावा असं वाटलं. मग माझं लक्ष टेबलावरच्या पिशवीकडे गेलं. आत्ता हो म्हटलं असतं तर तेही निवडूनच दिल्यासारखं झालं असतं.

"नाई," मी म्हटलं.

"काहून?"

"बुडवा, निथळू द्या, मंग बांधा. संध्याकाळी सैपाकाचा टाइम असते. येवढा वेळ कोनापाशी हाय? आमी दोघी हाव म्हनून केलं. एकटी बाई नाई करनार."

मॅडमची मान खाली गेली. तेवढ्यात मला माझाच आवाज ऐकू आला.

"पानी तं आमी शिंपडतोच. दिवसभर. थ्या बाटलीत टाकली तं चालन काय?"

"शिंपडून?" मॅडमनी मान वर केली. "शिंपडून इतकं कमी लागेल पानांना... मी ते कधी करून पाहिलं नाही."

"काहून?"

हे मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी शिकलेल्या माणसाला काहून म्हटलं होतं. मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. मग म्हणाल्या, "सुचलंच नाही. मी कधी सांबार विकला नाही ना, मावशी."

साहेबांनी बैठक पंधरा दिवस पुढे ढकलली. आता तीन दोरे झाले. निळा बुडवलेल्याचा, लाल साध्या पाण्याचा, पांढरा बाटलीतून शिंपडलेल्याचा. मॅडम सकाळची गाडी सोडून नंतरच्या गाडीनं जायला लागल्या आणि जुड्या स्वतः उचलायला लागल्या. न्यायच्या जुड्यांचं निवडणसुद्धा आता अकोल्यालाच निघायचं, तिथली मुलगी ते वेगळ्या पिशवीत काढून मोजायची. आमच्या गाईचं मात्र नुकसान झालं.

ते पंधरा दिवस मला फार जड गेले. पिवळ्या पानांची जुडी समोर पडलेली आणि तिला हात लावायचा नाही. बाया येऊन बोलायच्या, "काय वं, आज बिमार हाय काय, असा सांबार मांडला?" मी दोन्ही हात पदराखाली घेऊन बसायची. जाऊबाई म्हणायच्या, "बांधू काय तुहे हात? लाल दोरा हाय माह्यापाशी."

बैठकीला साहेबांनी मलाही बोलावलं. बोलायचं काही नाही, म्हणाले, फक्त जुड्या टेबलावर मांडून द्या. मोठी खोली, लांब टेबल, बाहेरून आलेले तीन पाहुणे. मॅडमनी भिंतीवर आकडे दाखवले. निळी सगळ्यात चांगली निघाली होती. पांढरी तिच्याइतकी नाही, पण लालपेक्षा पुष्कळ बरी. मॅडमनी ते तसंच सांगितलं. पांढरी निळीइतकी चांगली असल्याचं एकदाही म्हटलं नाही. मी टेबलाशी उभी राहून पोत्यातून एकेक जुडी काढून मांडत होते. निळी मांडली, पांढरी मांडली. लाल मांडताना वरच एक पिवळं पान लोंबत होतं.

"मावशी!"

मॅडम बोलता बोलता थांबल्या होत्या. सगळे माझ्याकडे पाहत होते. पान माझ्या चिमटीत होतं. कधी खुडलं ते मला कळलंही नव्हतं.

पाहुण्यांमध्ये एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, "का काढलंत?"

"दिसलं," मी म्हटलं.

खोलीत हशा झाला. मग साहेबांनी महिन्याभराची सगळी हकीकत सांगितली, अगदी ताज्या काड्यांपर्यंत. मी ते पान परत लाल जुडीवर ठेवलं आणि भिंतीशी जाऊन उभी राहिले. त्या बाई उठून आल्या. तिन्ही दोऱ्यांची एकेक जुडी हातात घेऊन आलटून पालटून पाहिली आणि पांढरी आपल्यापाशी ठेवून घेतली.

बाहेर व्हरांड्यात बाकावर मी बराच वेळ बसले. मॅडम आल्या त्या चालत नव्हत्या, जवळजवळ पळत होत्या. काम बंद होणार नव्हतं. बुडवायची भुकटी बाजूला ठेवून शिंपडायची तयार करायची, आणि पुढच्या उन्हाळ्यात अमरावती, अकोला आणि धामणगावच्या भाजीवाल्या बायांकडे देऊन पाहायची, असं ठरलं होतं. "आणि मावशी," त्या म्हणाल्या, "त्या बायांना काय सांगायचं, काय नाही, ते तुम्ही मला शिकवायचं." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मी मान डोलावली. त्यांना ते चाललं.

आम्ही परत खोलीत गेलो आणि टेबलावरच्या जुड्या त्या एका पिशवीत भरायला लागल्या. लाल बाजूला सारल्या.

"ह्या फेकून देऊ ना?"

"मले द्या," मी म्हटलं.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. मला खिडकी मिळाली. पिशवी मांडीवर घेतली आणि एक लाल जुडी सोडली. आता कोणी ती मोजणार नव्हतं. मूर्तिजापूर येईपर्यंत सगळ्या लाल जुड्या निवडून, पुन्हा बांधून झाल्या. निवडण ओंजळभर निघालं. ते मी पदरात बांधलं, घरी गाय वाट पाहत असेल म्हणून.